अटकेची वेळ ठाण्याच्या नोंदवहीवरून ठरत नाही

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा असून सियागंजात एका किराणा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. चार महिन्यांपूर्वी, एका बुधवारी रात्री आठच्या सुमारास तो दुकानातून निघत असताना ‘साहेबांनी बोलावले आहे’ असे सांगून दोन पोलिसांनी त्याला ठाण्यात नेले. चोरीच्या एका संशयिताचे आणि त्याचे नाव सारखे होते. शुक्रवारी दुपारी तो घरी आला, तोवर आम्हाला ‘पूछताछ चालू आहे’ यापलीकडे कोणी काही सांगितले नाही. कागदावर मात्र अटक गुरुवारी रात्री दाखवली आहे, तीही शांतताभंगाच्या प्रतिबंधक कलमाखाली, आणि सुटका जातमुचलक्यावर. चोरी कबूल कर म्हणून त्याच्या तळपायांवर पट्ट्याने मारले. डाव्या मनगटाचे हाडही मोडले. सुटताना ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून घेतले. भीतीपोटी आम्ही खासगी डॉक्टरांना ‘जिन्यावरून पडला’ असे सांगितले. खरा चोर नंतर दुसराच निघाला. वरिष्ठांकडे अर्ज दिला आहे, त्याची ‘जाँच’ अजून चालूच आहे. आम्हाला भरपाई मागता येईल का?
— एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : मागता येईल. परंतु आपल्या पत्रात दोन वेगळे अन्याय आहेत आणि ते पहिल्यापासून वेगळे मांडले पाहिजेत. बेकायदा डांबून ठेवणे हा एक आणि मारहाण हा दुसरा. उद्या अटक कायदेशीर होती असे जरी ठरले, तरी त्यामुळे मारहाण कायदेशीर होत नाही. अटकेच्या वेळी एखाद्याने प्रतिकार केला तर त्याला आवरण्यापुरते बळ वापरता येते, ठाण्यात बसवलेल्या माणसाकडून कबुली काढण्यासाठी मात्र पोलिसाला एक चापटही मारता येत नाही.

प्रथम अटकेविषयी. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. हे तास नोंदवहीत वेळ लिहिली तेव्हापासून सुरू होत नाहीत. माणसाला आपल्या मर्जीने उठून जाता येईनासे झाले, त्या क्षणापासून ते मोजायचे. आपल्या मुलाची अटक गुरुवारी रात्री का दाखवली, याचे उत्तर या हिशेबातच आहे, कारण बुधवार रात्र लिहिली असती तर शुक्रवार दुपार चाळीस तासांवर गेली असती. बुधवारची रात्र सिद्ध करणे हाच आपल्या दाव्याचा कणा आहे. दुकानाचा आणि शेजारच्या गाळ्यांचा कॅमेरा, मुलाचा फोन कधी बंद झाला याची नोंद, आपण ठाण्यात किंवा नियंत्रण कक्षात केलेले फोन, नातेवाइकांना त्या रात्री पाठवलेले संदेश, यांतले जे हाती आहे ते आजच जतन करा.

त्याहून मोलाचे म्हणजे ठाण्याचे स्वतःचे चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवण्यास सांगितले. आपले चार महिने गेले आहेत. पोलीस आयुक्तांकडे तारीख आणि वेळ नमूद करून चित्रण जतन करण्याचा लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि माहिती अधिकाराखालीही अर्ज करा. ‘कॅमेरा बंद होता’ असे उत्तर आले तर निराश होऊ नका. तेच उत्तर लेखी मिळवा. न्यायालयात त्याचा जाब त्यांना द्यावा लागेल.

नागरिक सुरक्षा संहितेतील प्रतिबंधक अटकेचे कलम १७० हे पुढे घडू पाहणारा दखलपात्र गुन्हा अन्य मार्गाने टळत नसेल तेव्हा वापरायचे आहे. झालेल्या चोरीच्या संशयावरून ते लावणे म्हणजे चुकीच्या कुलपाला चुकीची किल्ली होय. चोरीचाच संशय होता तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, अटक सरसकट करू नये, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने बजावले आहे. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आल्यावर प्रतिबंधक कारवाईतील कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे गेले, त्यामुळे अशा प्रकरणात मुलगा न्यायिक दंडाधिकाऱ्यासमोर उभाच राहत नाही आणि ‘मारहाण झाली का’ हा प्रश्न त्याला विचारणारा पोलिसाबाहेरचा कोणी नसतो. मला ही या पद्धतीतली मोठी उणीव वाटते.

आता मारहाण. कबुलीसाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मोडलेले हाड कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत ठरते. आपली खरी अडचण ‘जिन्यावरून पडला’ या नोंदीची आहे. ती लपवू नका. शपथपत्रात आपणच सांगा की अशी नोंद झाली आणि ती कोणत्या भीतीने झाली. क्ष-किरणाची प्रत, त्याची तारीख, औषधांची बिले आणि डॉक्टरांची साक्ष मिळाल्यास तळपायांवरच्या वळांचे वर्णन, हे सारे बोलते. जिन्यावरून पडणाऱ्याचे दोन्ही तळवे सुजत नाहीत. त्याच दिवशी एमवाय या सरकारी रुग्णालयात मेडिकोलीगल, म्हणजे न्यायालयात पुरावा ठरणारी दुखापतीची वैद्यकीय नोंद झाली असती तर निम्मे काम हलके झाले असते, हे इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो. ‘तक्रार नाही’ या लेखाचे फारसे दडपण घेऊ नका, कारण कोठडीच्या दारात घेतलेल्या सहीने मूलभूत हक्क सोडून दिला असे होत नाही. आणि ठाण्यातला साक्षीदार कुठून आणायचा, ही काळजी न्यायालयांना ठाऊक आहे. आपल्याच माळव्यातल्या रामपुरा ठाण्यात १९८१ साली झालेल्या कोठडी मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले की बंधुभावाने बांधलेले पोलीस सहकाऱ्याविरुद्ध सहसा बोलत नाहीत, तेव्हा प्रत्यक्ष पुराव्याचा अवास्तव आग्रह धरू नये.

पैसे मागण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली याचिका. मूलभूत हक्काच्या भंगाला सार्वभौम सत्तेची ढाल, म्हणजे ‘हे राज्यसत्तेचे काम होते, म्हणून भरपाई नाही’ हा बचाव, चालत नाही, हे १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून पक्के आहे. त्यात दीड लाख रुपये देण्यात आले होते. आपल्याला जवळचे उदाहरण २०१६ चे आहे. मध्यप्रदेश पोलिसांनी पुण्याच्या एका डॉक्टर महिलेला आणि तिच्या वकील आईला नियम धाब्यावर बसवून अटक केली व आगगाडीने भोपाळला आणले; सर्वोच्च न्यायालयाने राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. मात्र घटनेबद्दल गंभीर वाद असेल तर उच्च न्यायालय ‘दिवाणी न्यायालयात जा’ असे सांगू शकते. म्हणून याचिकेत भर बेकायदा डांबण्यावर ठेवा, ते कागदांवरून दिसते.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा, आणि येथेच लोक फसतात. बेकायदा कैदेच्या भरपाईसाठी मुदत अवघी एक वर्ष आहे व ती सुटकेपासून मोजली जाते. वरिष्ठांची चौकशी चालू आहे म्हणून हे वर्ष थांबत नाही. शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. तो काळ मुदतीतून वजा होतो, तरी नोटीस या महिन्यातच पाठवावी. समोरून १८६१ च्या पोलीस कायद्यातील तीन महिन्यांच्या मुदतीचा आक्षेप हमखास येईल; पण ती मुदत त्या कायद्याखाली केलेल्या कामापुरतीच आहे, आणि संशयिताला मारणे हे कायद्याखाली केलेले काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका तरतुदीबाबत फार पूर्वी सांगितले आहे. दाव्यात रक्कम हवेत लिहू नका. बुडालेला पगार, उपचारांचा खर्च आणि मनगटाचे उरलेले अधूपण असल्यास त्याचे प्रमाणपत्र जोडा. मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी पडते, हेही आकडा ठरवताना ध्यानात असू द्या.

फौजदारी तक्रार याच्या जोडीने करता येते, पण पोलीस ‘हे कर्तव्य बजावताना घडले, आधी शासनाची मंजुरी आणा’ असे म्हणतील आणि त्या वादात वर्षे जातात. भोपाळच्या राज्य मानवाधिकार आयोगालाही घटनेपासून एका वर्षाच्या आतच तक्रार जायला हवी. तेथे वकील लागत नाही, मात्र आयोग शिफारस करतो, हुकूमनामा देत नाही. निराधार अटकेची भरपाई म्हणून नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९९ आहे, ते पाहून कोणी आनंदून जाऊ नये : ते अटक करवणाऱ्या खासगी इसमाविरुद्ध आहे आणि त्याची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे.

प्रश्न : धनादेश न वटल्याच्या प्रकरणात वॉरंट निघाले म्हणून माझ्या भावाला जुनी इंदूरमधून हातकड्या घालून न्यायालयात नेले. हे योग्य आहे काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने हातकडीला वाव दिला आहे, पण तो सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला आरोपी, आणि खून, बलात्कार, दहशतवाद, अमली पदार्थ यांसारख्या नमूद गुन्ह्यांपुरता. धनादेशाचे प्रकरण त्यात येत नाही. होशंगाबाद जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना तुरुंगातून न्यायालयात हातकड्या घालून नेले, तेव्हा १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यप्रदेश शासनाला संबंधित पोलिसांवर कारवाई करण्यास सांगितले होते. आपल्या भावाने पुढच्या तारखेलाच त्याच न्यायालयात लेखी अर्ज द्यावा आणि हातकड्या घालण्याचे कारण त्या दिवशीच्या कागदांत नोंदले आहे का, याची प्रत मागावी.