प्रेरणेच्या रकान्यात काय लिहू?

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द, इन्स्पिरेशन. शाळेचं चित्रप्रदर्शन म्हटलं की चित्राखाली एक चिठ्ठी लावतात ना, नाव, इयत्ता, माध्यम आणि मग तो शेवटचा रकाना, 'चित्रामागची प्रेरणा'. मुलं चित्र काढायला घाबरत नाहीत तेवढी त्या रकान्याला घाबरतात असं दिसतंय. तर त्याच पत्रापासून सुरू करते.

मॅडम, मी दहावीत आहे. बाबांच्या बुटांचं पेन्सिल स्केच केलं, ते प्रदर्शनात सिलेक्ट पण झालं. आता प्रेरणा म्हणून चार ओळी लिहून द्यायच्यात. खरं सांगू का, प्रेरणा वगैरे काहीच नव्हती, दारापाशी बूट पडले होते आणि मला काहीतरी काढायचं होतं म्हणून काढले. पण असं कसं लिहिणार? एका मैत्रिणीने 'स्त्रीशक्ती' लिहिलंय, दुसरीने 'निसर्ग वाचवा'. मी 'वडिलांचा त्याग' लिहू का? चित्राचा फोटो पाठवतेय. – बुटांवर अडकलेली

नको गं बाई, त्याग नको. म्हणजे बाबांनी केला असेल त्याग, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तो तुझ्या चित्रात नाहीये. मी फोटो चांगला मोठा करून बघितला. उजवा बूट तू पटकन उरकलायस, हो की नाही? आणि डाव्यावर मात्र बसलीयेस. त्याची टाच बाहेरच्या बाजूने झिजून तिरकी झालीये, तिथे तू पेन्सिल आडवी धरून तीन-चार थर दिलेत. लेसच्या टोकाचं प्लॅस्टिक गेलंय, धागे सुटून त्याची झिपरी झालीये आणि ती बुटाच्या जिभेवर पडलीये, तिची सावलीसुद्धा काढलीस. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. दारापाशी बूट रोज पडलेले असतात, पण झिपरी तुला चित्र काढायला बसल्यावर दिसली.

मग तेच लिही ना. 'बाबांच्या डाव्या बुटाची टाच एका बाजूने जास्त झिजलीये हे मला चित्र काढताना कळलं. ते जरा तिरके चालतात हे त्याआधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.' दोन वाक्यं, झालं काम. चार ओळी भरत नसतील तर अक्षर मोठं काढ. 'त्याग' हा शब्द जगातल्या कुठल्याही बुटांच्या चित्राखाली, चित्र न बघता चिकटवता येतो, म्हणून तो मला नको वाटतो. प्रेरणा आधी येते आणि मग माणूस पेन्सिल उचलतो असं सगळे धरून चालतात, माझा अनुभव उलटा आहे, बहुतेक वेळा ती अर्धं चित्र झाल्यावर येते आणि तीही गुपचूप.

आणि एक मजा सांगते. व्हॅन गॉग या डच चित्रकाराने १८८६ मध्ये पॅरिसला असताना जुन्या बुटांचा एक जोड रंगवला, लेस सुटलेली, चामडं सुरकुतलेलं. खाली चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. पुढे हायडेगर नावाच्या मोठ्या जर्मन तत्त्वज्ञाने ते शेतकरी बाईचे बूट आहेत असं धरून त्यात माती, कष्ट, शेतावरचा एकटेपणा असं काय काय बघितलं. मग १९६८ मध्ये मेयर शापिरो नावाचे कलेचे अभ्यासक म्हणाले, अहो कुठली शेतकरी बाई, हे तर चित्रकाराचे स्वतःचेच बूट. मग इतरही विद्वान त्या वादात उतरले. बघ, रकाना रिकामा राहिला तर लोक आपापल्या परीने भरतातच, त्यामुळे तू घाबरू नकोस.

मी अकरावीत आहे. पिंटरेस्टवरचा वाघाचा फोटो बघून हुबेहूब काढला, १४ तास लागले. मित्र म्हणतो ही चीटिंग आहे, कॉपी आहे. पण सगळेच रेफरन्स वापरतात ना? प्रेरणेत काय लिहू? – वाघवाला

दोन वेगळे प्रश्न आहेत रे, तू एकत्र गुंडाळलेस.

कॉपी करून शिकणं ही चीटिंग नाही. सगळे असेच शिकलेत. मायकेलअँजेलो साधारण तुझ्याहूनही लहान, बारा-तेरा वर्षांचा असताना त्याच्या हाताला शोंगाउअर या जर्मन कलाकाराचं एक छापील चित्र लागलं, त्यात एका संताला राक्षस हवेत ओढतायत, आणि राक्षस म्हणजे नुसते काटे, पंख, खवले. त्याने ते बघून रंगात काढायला घेतलं. आता अडचण अशी की मूळ छाप काळा-पांढरा, मग राक्षसाच्या अंगाला रंग कुठला द्यायचा? तर त्याचा चरित्रकार कोंदिवी सांगतो की पोरगा उठला आणि मासळीबाजारात गेला, माशांच्या परांचा आकार आणि रंग, डोळ्यांचा रंग बघत बसला आणि तो राक्षसांना दिला. हा किस्सा मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी कोणीतरी विचारतं, मॅडम वास आला नसेल का. आला असेल.

तुझ्या वाघात मला मासळीबाजार सापडत नाहीये. मिशा, पट्टे, डोळ्यातली चमक, सगळं त्या फोटोत जिथे होतं तिथेच आहे, म्हणजे हात तयार आहे तुझा, चिकाटी आहे, चौदा तास बसणं ही काय थट्टा नाही. पण वाघ काही समोर येऊन बसणार नाही हे कबूल, मांजर तर दिसते कुठेतरी? ती दबा धरून पुढे सरकते तेव्हा पाठीपेक्षा खांद्याची हाडं वर येतात, एकदा डावं, एकदा उजवं, ते अर्धा तास बघ आणि वहीत वेड्यावाकड्या रेघा ओढ. मग तुझा वाघ परत काढ, फोटोतली पोझ सोडून.

दुसरा प्रश्न, प्रदर्शनात लावायचं का. लाव, पण फोटो दुसऱ्याचा आहे हे चिठ्ठीवर सरळ लिही. फोटोग्राफरने तो वाघ टिपायला तुझ्या चौदा तासांपेक्षा जास्त वेळ घालवला असेल. इमेज सर्चमध्ये फोटो टाकलास तर बऱ्याचदा मूळ नाव सापडतं, पिंटरेस्ट हे काही फोटोग्राफरचं नाव नव्हे. व्हॅन गॉगने (हो, परत तेच, काय करू) १८८७ मध्ये हिरोशिगेची दोन जपानी चित्रं तैलरंगात उतरवली, पावसातला पूल आणि आलुबुखाराची बाग, आणि वर कडेला जपानी अक्षरंही काढली, जी त्याला वाचता येत नव्हती. कोणाचं बघून काढलं ते त्याने काही लपवलं नाही. स्पर्धेत द्यायचं असेल तर मात्र नियम वाच, काही ठिकाणी दुसऱ्याच्या फोटोवरून काढलेलं चित्र सरळ बाद करतात.

नमस्कार मॅडम, मुलगी नववीत आहे. आधी छान फुलं, पक्षी काढायची. गेले काही महिने सगळं काळंच, रडणारे डोळे, तुटलेले आरसे, पाण्यात बुडणारी मुलगी. विचारलं की म्हणते, असंच, आवडतं. मला झोप लागत नाही. वह्या काढून घेऊ का? – एक आई

ताई, वह्या काढून घेऊ नका, एवढं पहिलं. वही काढून घेतली तरी जे आहे ते आतच राहणार आणि तुम्हाला दिसणंही बंद होणार.

रडणारा डोळा, त्यातून ओघळणारा थेंब, हे या वयात इतक्या वह्यांमध्ये असतं की मी मोजणं सोडून दिलंय. काही अंशी ती फॅशन असते, एकीने काढलं की दुसरी काढते. काही अंशी काळ्या पेनने गडद भरत जाण्यात हाताला एक सुख मिळतं, तेही असतं. आणि काही वेळा खरंच काहीतरी दुखत असतं. चित्रावरून यातलं कुठलं हे मला ओळखता येत नाही आणि जो म्हणतो मी नुसतं चित्र बघून मुलाचं मन सांगतो, त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराचं उदाहरण देते. तो पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली, आणि तेरा वर्षांचा असताना, १८७७ मध्ये, बहीण सोफी त्याच आजाराने गेली, ती पंधरा वर्षांची होती. पुढे १८८५-८६ मध्ये त्याने आजारी मुलीचं चित्र केलं, ते करताना रंग लावला, खरवडला, परत लावला, आणि तेवढ्यावर थांबला नाही, पुढच्या चाळीसेक वर्षांत तेच चित्र एकूण सहा वेळा रंगवलं. तेव्हा काळं काढणं म्हणजे लगेच वाईट असं समजू नका.

पण चित्र सोडून बाकीकडे बघा. झोपते का, जेवते का, मैत्रिणींशी बोलणं तुटलंय का, अभ्यासात एकदम घसरलीये का, अंगावर कुठे ओरखडे, कापल्याच्या खुणा, पूर्ण बाह्यांचे कपडे उकाड्यातही, जगण्यात अर्थ नाही छापाची वाक्यं. यातलं काही असेल तर तिला शांतपणे, सरळ शब्दांत विचारा, स्वतःला इजा करावीशी वाटते का म्हणून. विचारल्याने डोक्यात भरवलं जात नाही, ही भीती काढून टाका. आणि शाळेच्या समुपदेशकांकडे किंवा डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा, पुढच्या परीक्षेनंतर नको.

यातलं काही नसेल तर मग शेजारी बसा आणि 'हे असं का काढलंस' ऐवजी 'हे पाणी कसं काढलंस गं' असं विचारा. का विचारलं की मुलं बंद होतात, कसं विचारलं की अर्धा तास बोलतात, आणि बोलता बोलता कधी कधी का पण येऊन जातं.

मॅडम, आमचे सर म्हणतात अ‍ॅनिमे म्हणजे चित्रकला नाही, काहीतरी ओरिजिनल काढ. मी आठवीपासून फक्त तेच काढतोय. सोडू का?

सोडू नकोस, सरांशी भांडू पण नकोस, कारण ते थोडे बरोबर आहेत. ते मोठे मोठे डोळे आले कुठून माहितीये? ओसामू तेझुका या जपानी कार्टूनकारावर डिस्नेच्या कार्टून्सचा जबरदस्त प्रभाव होता, तिथून त्याने उचलले, आणि त्याचं बघून बाकीच्यांनी. पण हाच तेझुका शाळेत असताना किडे गोळा करायचा आणि त्यांची चित्रं काढायचा, पायाचे सांधे, पंखांवरच्या रेषा, एकदम शास्त्राच्या पुस्तकात शोभतील अशी. किड्यांचं इतकं वेड की स्वतःच्या नावात त्याने किडा हे अक्षर घुसवलं. पुढे डॉक्टरकीही शिकला. म्हणजे त्याने डोळे मोठे केले ते खरं शरीर माहीत असताना केले.

तू आरशात बघून स्वतःचा चेहरा काढलायस का कधी? काढ. डोक्याच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंत मोज, डोळे जवळपास बरोब्बर मध्ये येतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण ते वर काढतो कारण कपाळ आणि केस आपण हिशोबातच धरत नाही. असे दहा चेहरे झाले की अ‍ॅनिमेकडे परत ये, फरक तुझा तुलाच कळेल. सरांना ते दहा दाखव, अकरावा अ‍ॅनिमेतला दाखव.

मी कलाशिक्षक आहे. तो प्रेरणेचा रकाना ठेवावा की काढावा? मुलं इंटरनेटवरून उतरवून आणतात, आता तर एआयकडून लिहून घेतात. सगळ्यांची प्रेरणा सारखीच.

सर, रकाना ठेवा, प्रश्न बदला. मी 'हे काढताना तुला काय दिसलं जे आधी दिसलं नव्हतं?' असा विचारते. याचं उत्तर एआयला देता येत नाही कारण ते तिथे बसलं नव्हतं. पहिल्या वर्षी निम्म्यांनी 'काही नाही' लिहिलं, मी तसंच लावलं. एकाने लिहिलं होतं, 'पाण्याच्या ग्लासची सावली काळी नसते, मध्ये उजेड असतो.' त्या चित्रापाशी गर्दी होती, चित्र तसं बेताचंच होतं. आणि याला मार्क देऊ नका, मार्क आले की परत त्याग आणि स्त्रीशक्ती सुरू.

मॅडम, मी खूप खोडते. कागदाची साल निघते. कुठली पेन्सिल घेऊ? – नववी

पेन्सिल बदलून फार फरक पडायचा नाही, तरी सुरुवातीला एचबी हलक्या हाताने, गडद करायला ४बी. खोडायचंच तर मऊ कणकेसारखा रबर मिळतो, तो घासायचा नाही, दाबून उचलायचा, साल निघत नाही. आणि आठवड्यातून एक चित्र सरळ बॉलपेनने कर. ड्युरर या जर्मन चित्रकाराने १४८४ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं ते चांदीच्या टोकाने, ज्याची रेघ खोडताच येत नाही. त्यात एक हात दिसतो, बोट पुढे केलेला, आणि दुसरा त्याने बाहीत लपवलाय. तुला हात जमत नसतील तर तूही लपव, या महिन्यापुरतं.