टेनर, पाइप ऑर्गन आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : ऑपेरात गाणाऱ्या एका टेनरची, म्हणजे चढ्या पट्टीच्या पुरुष गायकाची, पाइप ऑर्गनबरोबर (हजारो पाइपांत हवा सोडून वाजणारं ते चर्चमधलं वाद्य) कॉन्सर्ट आहे, तिकिटं काढलीयेत. ऑर्केस्ट्रा नाही, माईकही नाही म्हणे. एवढ्या मोठ्या धुडापुढे एकट्या माणसाचा आवाज पोचणार कसा?

उत्तर : पोचतो हो, आणि चांगला पोचतो, फक्त त्याचं निम्मं श्रेय ऑर्गन वाजवणाऱ्याचं असतं आणि टाळ्या मात्र टेनरला पडतात. आधी गळ्याचं बघू. ऑपेराचा तयार पुरुषी आवाज ओरडून मोठा होत नाही, स्वरयंत्राच्या लगेच वरची जागा अरुंद ठेवून गायक साधारण 3000 हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक जादा धार आणतो. स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात यावर बरंच काम केलं. ऑर्केस्ट्राचा सगळा जोर 500 हर्ट्झच्या आसपास असतो आणि पुढे ओसरत जातो, म्हणजे 3000 ला मैदान बऱ्यापैकी मोकळं, शिवाय आपला कानही त्याच पट्ट्यात जास्त तीक्ष्ण. म्हणून शंभर वाजवणाऱ्यांपुढे एक जण बिनमाईकचा ऐकू येतो.

आता गोची अशी की ऑर्गन हे मैदान मोकळं सोडेलच असं नाही. त्यात मिक्श्चर नावाचे स्टॉप (पाइपांचे संच, खुंटी ओढून चालू-बंद करायचे) असतात, म्हणजे एक पट्टी दाबली की त्या सुराच्या वरचे वरचे सूर देणारे बारके बारके कितीतरी पाइप एकदम वाजतात. ते चालू केले की टेनरची ती धार ज्या पट्ट्यात आहे तिथेच नुसता झगझगाट होतो आणि बिचारा तोंड उघडझाप करताना दिसतो फक्त. म्हणून जाणता ऑर्गनिस्ट गाणं सुरू व्हायच्या आधी मिक्श्चर आणि मोठे रीड (पत्ती थरथरून वाजणारे कडक आवाजाचे पाइप) बंद करतो आणि 8 फुटी फ्लूट, स्ट्रिंग अशा मऊ स्टॉपवर येतो (8 फुटी म्हणजे त्यातला सगळ्यात खालच्या सुराचा उघडा पाइप सुमारे 8 फूट लांब).

आणि हार्मोनियमवर भाता जरा जोरात मारला की सूर फुगतो ना, तसं इथे काही होत नाही, हवेचा दाब कायम ठेवलेला असतो, पट्टी अलगद दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. लहानमोठा करायला पाइपांचा एक गट मोठ्या लाकडी पेटीत बंद असतो, पेटीला झडपा, आणि झडपा उघडायला पायाशी पेडल. टेनर वरच्या सुरावर चढायला लागला की ऑर्गनिस्टच्या उजव्या पायाकडे बघा, झडपा किती सावकाश उघडतायत त्यावरून माणूस कसलेला आहे की नाही ते कळतं.

प्रश्न : ऑर्गनिस्ट तर आमच्याकडे पाठ करून बसतो. मग गायक कधी श्वास घेतोय, कुठे थांबतोय हे त्याला दिसतं कसं?

उत्तर : आरशात! कन्सोलवर, म्हणजे तो बसून वाजवतो त्या पट्ट्यांच्या मेजावर, आरसा लावलेला असतो, नाहीतर हल्ली छोटा कॅमेरा आणि स्क्रीन. पण दिसून सगळं भागत नाही, कारण आवाजाला एक दशांश सेकंदात साधारण 34 मीटरच जाता येतं. पाइप एका टोकाला आणि गायक दुसऱ्या टोकाला असेल तर दोघांपैकी एकाला सतत आपल्या कानावर अविश्वास दाखवावा लागतो. म्हणून बरेच गायक सरळ वर गॅलरीत ऑर्गनच्या शेजारी जाऊन उभे राहतात, श्रोत्यांना चेहरा दिसला नाही तरी चालेल म्हणतात. मला तरी हेच बरं वाटतं.

श्वासाचं म्हणाल तर खरी अडचण तिथेच आहे. ऑर्गनला दम लागत नाही, पट्टी दाबून ठेवली तर सूर तासभर चालेल, त्यामुळे गायकासाठी ऑर्गनिस्टला मुद्दाम बोटं उचलून फटी ठेवाव्या लागतात. आणि सुराच्या बाबतीत मात्र माघार टेनरनेच घ्यायची. हॉल तापला की हवेतला आवाजाचा वेग वाढतो आणि साधे पाइप चढतात, 5 अंशांनी तापमान वाढलं तर जवळजवळ 15 सेंट. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग, ऐकायला किरकोळ वाटतं पण गाणाऱ्याला चांगलंच जाणवतं. रीडचे पाइप त्या मानाने जागेवर राहतात, म्हणजे ऑर्गनचं आपसातच जमेनासं होतं. हजारो पाइप आयत्या वेळी कोण लावत बसणार, त्या संध्याकाळी ऑर्गन जिथे असेल तिथे गायकाने जायचं.

प्रश्न : ऑपेराची गाणी ऑर्गनवर बरी वाटतात का? का सगळं चर्चचंच असतं?

उत्तर : मिसळ असते. मुळातून याच जोडीसाठी लिहिलेलं म्हणाल तर सेझार फ्रांकचं 'पानिस अँजेलिकस', 1872 चं, टेनर आणि ऑर्गन, जोडीला हार्प, चेलो आणि डबल बास. फ्रांक स्वतः पॅरिसच्या सेंट क्लोटिल्डमधे वर्षानुवर्षं ऑर्गनिस्ट होता त्यामुळे ऑर्गन कुठे गप्प बसवायचा हे त्याला पक्कं ठाऊक. व्हर्दीच्या 1874 च्या 'रेक्विएम'मधलं 'इंजेमिस्को' किंवा रोसिनीच्या 'स्ताबात मातेर'मधलं 'कुयुस आनिमाम' ही प्रार्थनागीतं मुळात ऑर्केस्ट्राची, पण ऑर्गनवर छान बसतात. दुसऱ्यात टेनरला वरचा डी फ्लॅट गाठावा लागतो, तिथे कान टवकारून बसा.

ऑपेरालाही ऑर्गन नवा नाही. व्हर्दीच्या 'ओथेल्लो'त (1887) सुरुवातीच्या वादळात ऑर्गनचे अगदी खालचे तीन लागून लागून असलेले सूर कितीतरी वेळ एकत्र धरून ठेवलेत, सूर म्हणून कळत नाहीत, नुसतं पोटात काहीतरी ढवळतं. पण 'नेस्सून दोर्मा', पुच्चिनीच्या ऑपेरातलं टेनरचं ते गाजलेलं गाणं, ऑर्गनवर? माझं मत विचाराल तर नको. तिथे व्हायोलिन एकेका सुरावर फुगतात आणि ओसरतात, ऑर्गनच्या झडपा सगळ्या गटाला एकदम उचलतात, मग शेवट भव्य होतो पण सपाट. लोक तरीही उभं राहून टाळ्या देतात, ती गोष्ट वेगळी.

प्रश्न : बसायचं कुठे?

उत्तर : जिथून गायक थेट दिसतो तिथे. खर्ज खांबाला वळसा घालून येतो, 3000 हर्ट्झची धार नाही येत. गॅलरीच्या खाली अगदी मागे नको, तिथे नुसती घरघर. खांबामागची सीट मिळाली असेल तर आत्ताच बदलून घ्या.