वाचक विचारतात: तडकलेला मॅनिफोल्ड सांधू, की दोन कार्बुरेटरचा नवा मागवू?

प्रश्न: आजोबांची 1948 ची शेव्हरोले फ्लीटमास्टर आहे. इंजिन मूळचंच, 216 घनइंचाचं, सहा सिलिंडर एका रांगेत. इनटेक मॅनिफोल्डला (कार्बुरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या ओतीव नळीला) खालच्या बाजूने, बरोबर मधोमध तडा गेलाय. आमचे मिस्त्री म्हणतात, पाइप जोडून नवा बनवू आणि त्यावर अँबॅसिडरचा सोलेक्स कार्बुरेटर टाकू. अमेरिकेतला भाचा दोन कार्बुरेटरचा ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड पाठवतो म्हणतोय. तिसरी वाट म्हणजे जुनाच सांधून घ्यायचा. गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी काढतो, वर्षातून एकदा कसारा घाट उतरून मुंबईला नेतो. काय करू?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: जुनाच सांधा. भाच्याला म्हणावं, पाठवायचंच असेल तर गॅस्केटचा सेट आणि पोर्टमधल्या रिंगा पाठव. त्यांचं पुढे सांगतो.

आधी मिस्त्रींची सूचना निकालात काढू. अँबॅसिडरचं इंजिन 1489 सीसी, तुमचं साडेतीन लिटरच्या वर. दीड लिटरसाठी बेतलेला कार्बुरेटर लावलात तर गाडी सुरू होईल, गंगापूर रोडवर चालेलही, पण चढावर दम टाकेल. मुंबई नाक्याच्या उड्डाणपुलावरच कळेल, घाटापर्यंत जावं लागणार नाही. शिवाय पाइपच्या मॅनिफोल्डला खालून उष्णता कुठून देणार? सगळी मेख तिथेच आहे.

आता भाच्याचा मॅनिफोल्ड. दिसायला देखणा असतो, बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात. पण साधा हिशेब करा. इंजिन मिनिटाला किती घनफूट हवा ओढतं? घनइंच गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले 3456. तुमच्या इंजिनाची 90 हॉर्सपॉवर 3300 आरपीएमला मिळते. म्हणजे 216 गुणिले 3300 भागिले 3456, झाले 206. इतकं जुनं इंजिन पाऊणच भरतं असं धरा, म्हणजे मिनिटाला साधारण 155 घनफूट हवा. एवढ्याला कंपनीचा एकटा कार्टर डब्ल्यू-वन कार्बुरेटर पुरतो. दुसऱ्या कार्बुरेटरचा फायदा दिसतो तो वरच्या आरपीएमला, आणि तिथे हे इंजिन न्यायचंच नाही. याची कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बॅबिट या मऊ मिश्रधातूची, ओतीव. त्यांना ऑइल मिळतं ते रॉडच्या टोकाचे चमचे ऑइलमध्ये बुडून. कोणी 1953 च्या कॉर्व्हेटचा दाखला देईल, की तिच्यावर तीन कार्बुरेटर होते आणि 150 हॉर्सपॉवर मिळायची. खरं आहे. पण ते इंजिन 235 घनइंचाचं होतं, कॅमशाफ्ट वेगळा, कॉम्प्रेशन जास्त आणि बेअरिंगला प्रेशरने ऑइल. नुसत्या मॅनिफोल्डने ते झालेलं नाही.

सहा सिलिंडरांना या हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) इनटेकची पोर्टं, म्हणजे मिश्रण आत जायची तोंडं, तीनच. 1-2 चं एक, 3-4 चं एक, 5-6 चं एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4. आता मांडून बघा. मधल्या पोर्टातून 3 आणि 4 आळीपाळीने, बरोबर एकेक फेऱ्याच्या अंतराने ओढतात. टोकाच्या पोर्टांत मात्र दोन ओढी जवळजवळ येतात, 240 अंशांवर, आणि मग 480 अंश शांतता. त्यात कार्बुरेटर मधोमध. पेट्रोलचे जड थेंब मधल्यांना आधी मिळतात आणि टोकाच्यांना उरलंसुरलं, पंगतीत वाढपी मध्येच उभा राहावा तसं. म्हणून मॅनिफोल्डच्या तळाशी एक्झॉस्टचा गरम कप्पा दिलाय. तिथे थेंबांची वाफ झाली की टोकापर्यंत सारखी वाटणी होते. कार्बुरेटर किती लावलेत यापेक्षा ती वाफ होतेय का, हे पाहा.

आणि हल्ली पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणजे हा कप्पा 1948 मध्ये होता त्यापेक्षा आज जास्त गरजेचा. बाजारातल्या बऱ्याच ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला तो नसतो, किंवा रेडिएटरच्या गरम पाण्याची नळी फिरवावी लागते. शिवाय अमेरिकी लिंकेज (पॅडलपासून कार्बुरेटरपर्यंतची दांड्यांची जोडणी) डावीकडच्या पॅडलसाठी बनवलेलं असतं. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, मॅनिफोल्ड इंजिनाच्या डाव्या अंगाला. म्हणजे रॉड वाकवत बसा. व्हॅक्यूमचा वायपर आणि गिअरचा व्हॅक्यूम सिलिंडर शाबूत असेल तर त्यांच्यासाठी जोड काढा. आणि इनटेक-एक्झॉस्ट दोघांना दाबणारे क्लॅम्प एकच असतात. नव्या फ्लँजची (हेडला टेकणाऱ्या चपट्या कडेची) जाडी जुन्याशी कागदभर जुळली नाही तर क्लॅम्प तिरका बसतो आणि तिथून हवा ओढायला लागते.

तर सांधकाम. तडा तेलकट असेल. तो नीट धुवा, दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे पुढे सरकणार नाही, मग व्ही आकारात खोदा. इनटेकला पितळी वेल्डिंग चालतं. एक्झॉस्टला चालत नाही, तो तापून लाल होतो. तिथे निकेलचा रॉड. वेल्डिंगआधी अख्खा नग तापवायला सांगा आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर गार होऊ द्या. घाईने वाऱ्यावर ठेवला की शेजारी नवा तडा जातो. असं केलेला एक नग अंबड एमआयडीसीत पाहिलाय. वेल्डिंग सुरेख, आणि त्याला लागून केसाएवढी नवी रेघ.

मग दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना जोडून, एकत्रच सरफेस ग्राइंडिंगला द्या. सातपूर-अंबडमध्ये हे काम करणारे पुष्कळ आहेत. फक्त ‘वेगवेगळे नको, जोडूनच’ असं दोनदा बजावा. एक्झॉस्ट वर्षानुवर्षं तापून मधोमध वाकलेला असतो. एकेकटा सपाट केला आणि मग जोडला, की पुन्हा वाकडं.

बसवताना इनटेक पोर्टच्या रिंगा विसरू नका. मिस्त्री लोक त्यांना भंगार समजून टाकून देतात. दोन मॅनिफोल्डमधले बोल्ट नुसते हाताने लावा, आधी हेडचे क्लॅम्प मधून टोकाकडे आवळा आणि मधले बोल्ट सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने आवळलेत तर पुन्हा तडा जाईल तो त्याच जागी.

चाचणी व्हॅक्यूम गेजने, म्हणजे मॅनिफोल्डमधली ओढ मोजणाऱ्या मीटरने. पुस्तकात आयडलिंगला 17 ते 21 इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठचं. नाशिक साधारण 600 मीटरवर आहे, इथे दोनेक इंच कमी दाखवतं. 16 आलं म्हणून कोणी व्हॉल्व्ह काढायला निघालं तर थांबवा. काटा स्थिर हवा. हवा कुठून ओढतंय ते शोधायला फ्लँजवर पाण्याची पिचकारी मारा. पेट्रोल किंवा क्लीनर मुळीच नको, एक्झॉस्ट बरोबर खाली आहे. शंभरेक किलोमीटर चालवून प्लग काढा. 3-4 काळसर आणि 1-6 पांढरे निघाले तर टोकाचे फ्लँज हवा ओढताहेत किंवा कप्पा गरम होत नाहीये. सहाही एकाच फिक्या बदामी रंगाचे निघाले तर पेढे वाटा, मलाही पाठवा.

प्रश्न: माझ्या 1962 च्या फोर्ड फाल्कनला (170 घनइंच, सहा सिलिंडर) तीन कार्बुरेटरचा इनटेक मॅनिफोल्ड मिळेल का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: बदलायला मॅनिफोल्ड आहेच कुठे? या इंजिनात तो हेडसोबतच ओतलेला असतो, एकच नग. तीन कार्बुरेटर हवे असतील तर हेडला भोकं पाडून वर बैठका बसवाव्या लागतात. चुकलं तर हेड गेलं. एकाच कार्बुरेटरची पॅकिंगं इथेनॉलला टिकणारी घाला आणि सुखाने चालवा.

प्रश्न: माझी 1952 ची शेव्हरोले. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सुरू होते, पण पहिले काही किलोमीटर कार्बुरेटरमधून फटाके फोडते. एक्झॉस्टमधला फ्लॅप ‘अडकतो’ म्हणून मिस्त्रींनी काढून टाकलाय. संबंध असेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर: संबंध थेट आहे. थंड इंजिनात एक्झॉस्टचा गरम वायू इनटेकच्या तळाकडे वळवायचं काम तोच फ्लॅप करतो. तो नसेल तर कप्पा तापायला वेळ लागतो, मिश्रण पातळ राहतं आणि कार्बुरेटरमधून भडकतं. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात अशा गावात तर फ्लॅप हवाच. परत बसवून घ्या. शाफ्टला इंजिन ऑइल लावू नका, ते जळून कोळसा होतो आणि म्हणूनच फ्लॅप अडकतो. ग्रॅफाइट लावा. गार असताना वजन बोटाने हलवून सोडा, आपोआप जागेवर आलं पाहिजे. उन्हाळ्यात मात्र नजर ठेवा. इंजिन तापल्यावरही तो बंदच राहिला तर इनटेकचा तळ भाजत राहतो. वरच्या गंगापूर रोडवाल्यांनीही नवा तडा टाळायचा असेल तर आपला फ्लॅप एकदा हलवून बघावा.