एएनए १:१६० आला म्हणजे ल्युपस झाला का?

तुम्ही प्रश्नासोबत दिलेले आकडे बघितले: एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडीजची तपासणी) १:१६० स्पेकल्ड (म्हणजे ठिपक्यांचा नमुना), डीएसडीएनए (डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडीज) निगेटिव्ह, सी३-सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं) नॉर्मल, शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर ४८ आणि सीआरपी नॉर्मल, शिवाय बोटांचे सांधे दुखतात. एवढ्यावरून ल्युपस (ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) आहे किंवा नाही, दोन्ही म्हणता येत नाही. मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं हेच रिपोर्ट हाताळतेय, म्हणून लिहिते.

१:१६० म्हणजे सीरम १६० पट पातळ केल्यावरही अँटिबॉडीज दिसल्या. शंभर निरोगी माणसं तपासली तर चार-पाच जणांचा एएनए असा निघतो. थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारातही निघतो. ल्युपसच्या जवळजवळ सगळ्याच रुग्णांत तो पॉझिटिव्ह असतो, म्हणून २०१९च्या युलार-एसीआर (युरोप आणि अमेरिकेतल्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटना) निकषांत १:८० ही नुसती प्रवेशाची अट आहे. पुढे लक्षणं आणि तपासण्यांचे मिळून किमान १० गुण भरावे लागतात, आणि त्यात कमीत कमी एक निकष तरी रक्तातल्या अँटिबॉडीजचा नव्हे, तर शरीरावर दिसणाऱ्या परिणामाचा हवा. तेही निकष मुळात संशोधनासाठी केलेले.

डीएसडीएनए निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असंही नाही. ल्युपस असूनही अनेकांचा तो निगेटिव्ह येतो. अँटी-स्मिथ या अँटिबॉडीची तपासणी केली नसेल तर विचारा. ती थोड्याच रुग्णांत सापडते, पण सापडली तर तिला फार वजन असतं.

ईएसआर चढलेला आणि सीआरपी शांत, ही जोडी ल्युपसमध्ये दिसते खरी. पण हिमोग्लोबिन कमी असलं तरी ईएसआर वाढतो, तेव्हा आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) काढून बघा. त्यात पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली किंवा प्लेटलेट्स १ लाखाच्या खाली असतील, तर ते एएनएच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं आहे.

तुम्ही लघवीची तपासणी कुठेच लिहिलेली नाही, आणि मला खटकलं ते हेच. ल्युपसमध्ये किडनी काही दुखलं-खुपलं नाही तरी बिघडू शकते. लघवीची साधी रुटीन तपासणी आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतून किती प्रथिन जातंय ते यावरून कळतं) करून घ्या, रेशो ०.५ च्या वर गेला तर डॉक्टर किडनीच्या बायोप्सीचा (किडनीचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा) विचार करतात.

एएनए मात्र दर महिन्याला करत बसू नका, आजार वाढला की उतरला हे त्यावरून कळत नाही. आयसोनियाझिड (टीबीचं औषध) किंवा हायड्रालाझिन (ब्लड प्रेशरचं औषध) चालू असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांच्या डॉक्टरांना) आवर्जून सांगा, या औषधांनीही एएनए पॉझिटिव्ह येतो. आणि लघवीला फेस येऊ लागला किंवा पाय-पापण्या सुजल्या, तर अपॉइंटमेंटच्या तारखेपर्यंत थांबू नका.