पाळीव प्राण्यांचा विमानप्रवास: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या मुलीला म्युनिकमध्ये नोकरी लागली असून ती सप्टेंबरच्या मध्यावर रुजू होणार आहे. आमचा शेरू, 4 वर्षांचा आणि 18 किलो वजनाचा देशी कुत्रा, तिच्याबरोबरच जावा अशी तिची इच्छा आहे. त्याला रेबीजची लस जानेवारीत दिली आणि मायक्रोचिप मार्चमध्ये बसवली. आता जून उजाडला आहे. दोघांचे तिकीट काढून ठेवावे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: मुलीचे काढावे, शेरूचे काढू नये. त्याचे सप्टेंबरमध्ये जाणे जमणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. अडचण विमान कंपनीची नाही, तारखांच्या क्रमाची आहे. लस नेमकी कोणत्या कुत्र्याला दिली हे युरोपीय संघात कातडीखाली बसवलेल्या चिपच्या क्रमांकावरून ठरते. त्यामुळे चिप बसवण्यापूर्वी दिलेली लस, ती कितीही चांगली आणि वेळेवर दिलेली असली, तरी त्यांच्या लेखी दिलेलीच नसते. म्हणून शेरूला रेबीजची लस पुन्हा द्यावी लागेल. ती देण्यापूर्वी डॉक्टरांना चिप वाचायला सांगा आणि तो 15 अंकी क्रमांक लसीच्या पुस्तिकेत त्याच दिवसाच्या तारखेसह लिहून घ्या. चिप आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

लस दिल्यानंतर किमान 30 दिवस थांबून रक्ताचा नमुना घेतला जातो आणि युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत त्यातील रेबीजविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीजची, मोजणी होते. हे प्रमाण प्रति मिलिलिटर 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक असावे लागते. एवढ्यावर भागत नाही. रेबीजच्या दृष्टीने युरोपीय संघाने स्वीकारलेल्या देशांच्या यादीत भारत नसल्यामुळे, रक्त घेतल्याच्या तारखेपासून आणखी 3 महिने प्राण्याने इथेच थांबायचे असते. आज 10 जूनला लस दिली, तर रक्त 10 जुलैच्या सुमारास, आणि प्रवास 10 ऑक्टोबरनंतर. अहवाल लवकर आला म्हणून हा काळ कमी होत नाही.

यात एक दिलासाही आहे. चाचणीत उत्तीर्ण झालेल्या प्राण्याची बूस्टर लस मुदत संपण्यापूर्वी दर वेळी दिली, तर ही चाचणी पुन्हा करावी लागत नाही. मात्र एका दिवसाचाही खंड पडला, तर लस, 30 दिवस, रक्त आणि 3 महिने हे सारे चक्र पहिल्यापासून फिरवावे लागते. पुस्तिकेवर ‘पुढील लस’ म्हणून लिहिलेली तारीख आपल्याकडे बरेच जण सोयीने पुढे ढकलतात. परदेशी जाणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ती सवय महागात पडते.

माझा सल्ला असा की मुलीने सप्टेंबरमध्ये एकटीने जावे, घर लावावे, जर्मन घरमालक कुत्रा ठेवू देतो की नाही हे लेखी विचारून घ्यावे आणि दिवाळीला येऊन शेरूला घेऊन जावे. मालकाच्या प्रवासाच्या मागेपुढे 5 दिवसांच्या आत प्राण्याचा प्रवास झाला, तरच तो खासगी नेआण म्हणून धरला जातो. अन्यथा व्यापारी वाहतुकीचे अधिक कडक नियम लागू होतात. म्हणून मुलगी तिकडे आणि कुत्रा दोन महिन्यांनी एकटाच मागून, हा मार्ग टाळावा. निघण्यापूर्वीच्या 10 दिवसांत सरकारी आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचे असते. ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सहीवर चालत नाही. त्यासाठी मुंबईच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसच्या, म्हणजे एक्यूसीएस या केंद्र सरकारी यंत्रणेच्या, कार्यालयात कागदपत्रांसह जावे लागते. 18 किलोचा कुत्रा केबिनमध्ये घेतला जाणार नाही, तो होल्डमधून, म्हणजे विमानाच्या पोटातील सामानाच्या कप्प्यातून, जाईल. तेव्हा विमान बदलावे न लागणारी थेट सेवाच निवडावी, आणि त्या उड्डाणात प्राण्यासाठी जागा असल्याची लेखी खात्री मिळाल्यावरच पैसे भरावेत.

हा हिशेब केवळ युरोपीय संघापुरता आहे. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा, साहाय्यक श्वान सोडल्यास, कार्गो म्हणूनच उतरवला जातो आणि येण्यापूर्वी 24 ते 120 तासांच्या आत त्याला फीतकृमीचे औषध दिल्याची नोंद लागते. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून 6 महिन्यांपेक्षा लहान पिल्लांना प्रवेश बंद केला असून, भारतात लस दिलेल्या कुत्र्यांसाठी वेगळे अर्ज आणि ठरावीक विमानतळ नेमले आहेत.

प्रश्न: मे महिन्यात नागपूरहून मुंबईला कायमचे जायचे आहे. आमच्या पगचे वजन 9 किलो आहे. तो फार अस्वस्थ होतो, म्हणून प्रवासापूर्वी त्याला झोपेची गोळी द्यावी असे शेजारी सुचवतात. द्यावी काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: गोळी देऊ नये, आणि पगला मे महिन्यात होल्डमधून तर मुळीच पाठवू नये. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान राखण्याची क्षमता मंदावते आणि पिंजरा हलला की तोल सावरता येत नाही. उड्डाणादरम्यान होल्डमध्ये त्याच्याकडे पाहायला कोणी जाऊ शकत नाही. गुंगीत दिसणारा प्राणी स्वीकारायला अनेक कंपन्या काउंटरवरच नकार देतात, तो याच कारणाने.

होल्डविषयी लोकांच्या मनात एक चुकीची भीती असते. जिवंत प्राणी जिथे ठेवतात त्या कप्प्यातील हवेचा दाब प्रवासी केबिनइतकाच असतो आणि तिथले तापमानही राखलेले असते. खरा धोका त्याआधी आणि त्यानंतर असतो, म्हणजे सामान चढवेपर्यंत पिंजरा तापलेल्या काँक्रीटवर उभा राहतो तेव्हा. कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. पग, शिह त्झू आणि बुलडॉग यांचे नाक आखूड, नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग घशाच्या मानाने लांब असल्यामुळे त्यांना धापही नीट टाकता येत नाही. घाबरून ते जोरात श्वास घेऊ लागले की घसा सुजतो आणि हवा आणखीच कमी पडते. म्हणूनच बहुतेक कंपन्या अशा जातींना होल्डमध्ये घेत नाहीत.

केबिनचा पर्याय राहतो. अकासा एअरने नोव्हेंबर 2022 पासून केबिनमध्ये प्राणी न्यायला सुरुवात केली; तेव्हा पिशवीसह 7 किलोची असलेली मर्यादा पुढे 10 किलो झाली. एअर इंडियाही प्राणी नेते, इंडिगो मात्र साहाय्यक श्वानाखेरीज नेत नाही. आपला पग 9 किलोचा म्हणजे पिशवीसाठी जेमतेम 1 किलो उरतो; घरच्या काट्यावर भरवसा ठेवून विमानतळ गाठू नये. नियम आणि वजनाच्या मर्यादा बदलत असतात, तेव्हा तिकिटाच्या दिवशी कंपनीला फोन करूनच खात्री करावी.

मला विचाराल तर या प्रवासासाठी रेल्वे बरी. फर्स्ट एसीचा दोन बर्थचा संपूर्ण कूपे आपल्या नावे असेल, तर कुत्रा आपल्यासोबत नेता येतो. कूपे हमखास मिळेल असे नाही; त्यासाठी आरक्षण कार्यालयात आधी अर्ज द्यावा आणि निघण्यापूर्वी पार्सल कार्यालयात कुत्र्याची नोंद करून पावती घ्यावी. रात्रभर त्याचे डोके आपल्या मांडीवर राहील आणि पंखाही चालू असेल. पगला याहून जास्त काही लागत नाही.

प्रश्न: लॅब्राडॉरसाठी विमानाचा पिंजरा घ्यायचा आहे. दुकानदार ‘लार्ज घ्या, चालतो’ म्हणतो. माप कसे ठरवावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: दुकानदाराच्या ‘लार्ज’वर जाऊ नका, टेप घ्या. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जिवंत प्राण्यांच्या नियमावलीत माप काढण्याची रीत दिलेली आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी आणि तीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा. ही पिंजऱ्याची आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट आतली रुंदी. उभ्या कुत्र्याच्या डोक्याची किंवा कानाच्या टोकाची, जी जास्त असेल ती उंची, अधिक अंथरुणाची जाडी. लांबी 90 सेंटिमीटर आणि कोपर 30 सेंटिमीटरवर असेल, तर पिंजरा आतून 105 सेंटिमीटर लांब हवा. आखूड नाकाच्या जातींसाठी हे माप 10 टक्क्यांनी वाढवतात.

झाकण आणि तळ जोडणाऱ्या प्लास्टिकच्या चापांऐवजी धातूचे नटबोल्ट लावून घ्यावेत, चाके असल्यास काढावीत आणि पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता येईल अशी बसवावी. वाटीत आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवले, तर चढवताना सांडत नाही आणि पुढे हळूहळू वितळते. पिंजरा प्रवासाच्या आठवड्यात विकत आणू नये. तो महिनाभर आधी आणून, दार काढून, दिवाणखान्यात ठेवावा आणि कुत्र्याचे जेवण त्यातच द्यावे. तो आपणहून आत जाऊन झोपू लागला की झोपेच्या गोळीचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: आईने पाळलेला मिठू 6 वर्षांचा आहे. तिच्यासोबत त्याला विमानाने दिल्लीला नेता येईल काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नाही. गळ्यात गुलाबी-काळी कंठी असलेला आपल्याकडचा हिरवा पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित असून तो घरात पाळणे हाच गुन्हा आहे, मग विमानाचे तर बाजूलाच राहिले. आईंना वाईट वाटेल, परंतु वनखात्याशी संपर्क साधून त्याला त्यांच्या स्वाधीन करणे हाच मार्ग आहे. त्याला स्वतःहून उडवून देऊ नका. 6 वर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी बाहेर टिकत नाही.

प्रश्न: 4 किलोची मांजर केबिनमधून मुंबईहून बंगळूरला न्यायची आहे. विमानतळावर कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: लसीची पुस्तिका आणि डॉक्टरांचे प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे, प्रमाणपत्र किती दिवसांच्या आतले चालते ते कंपनीला विचारावे. शेवटचे हलके खाणे निघण्यापूर्वी 4-5 तास, पाणी मात्र बंद करू नये. पिशवी मऊ, पुढच्या आसनाखाली सरकेल अशी असावी आणि तिच्या तळाशी शोषून घेणारे पॅड घालावे, सोबत एक जादा ठेवावे.

मांजर निसटते ती बहुधा सुरक्षा तपासणीच्या जागी. तिथे पिशवी रिकामी करून यंत्रातून जाते आणि मांजर आपल्या हातात राहते. त्या गोंगाटात ती हातातून सुटली, तर पुन्हा सापडणे कठीण. म्हणून घरून निघतानाच तिला छातीला बसणारा पट्टा, म्हणजे हार्नेस, घालावा आणि दोरी पिशवी उघडण्यापूर्वी मनगटाला गुंडाळून घ्यावी. बाजूच्या बंद खोलीत तपासणी करावी अशी विनंती तिथल्या जवानांना आधीच करून पाहावी.