घराजवळच्या कॉफी शॉपमध्ये पहिल्यांदा एकटीने जायचंय, काय मागवू? संकोच वाटतो.

तुम्ही लिहिलंय की मालवणात तुमच्या घरापासून दोन मिनिटांवर कॉफी शॉप उघडलंय, बाजारात जाता-येता रोज ते दिसतं, पण पन्नाशीच्या बाईने एकटीने आत जाऊन बसावं का आणि बसलंच तर मागवावं काय, हे कळत नाही. ताई, जरूर जा. मी रत्नागिरीत राहते, वय ५४. गेल्या पावसाळ्यात माझंही अगदी हेच झालं होतं. चार-पाच वेळा दारापर्यंत जाऊन पुढे निघून गेले होते.

शेवटी एका दुपारी तीनच्या सुमारास आत शिरले. ही वेळ चांगली. सकाळी ऑफिसला जाणाऱ्यांची घाई असते, संध्याकाळी कॉलेजची मुलं टेबलं धरून बसतात. दुपारी काउंटरवरच्या मुलाला तुमच्याशी बोलायला सवड असते आणि पहिल्या खेपेला तीच लागते. बोर्डावर पंधरा-वीस नावं होती. मी म्हटलं, "एक कॉफी द्या." तो म्हणाला, "कुठली, काकू?" मला काही सुचेना. मग खरं ते सांगून टाकलं: घरी आम्ही दुधाची, साखर आणि जायफळ घातलेली कॉफी पितो, तिच्या जवळची जी असेल ती दे. त्याने लाटे दिली. तुम्हीही एवढंच सांगा, नावं पाठ करून जायची गरज नाही.

तरी सांगते, म्हणजे बोर्ड बघून दडपण येणार नाही. त्यातली बहुतेक नावं एकाच अर्काची आहेत. साधारण १८ ग्रॅम ताजी दळलेली पूड घट्ट दाबून मशीनला लावतात, तिच्यातून ९ बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाबाने गरम पाणी सोडतात आणि २५-३० सेकंदांत खाली दोन-तीन घोट दाट, काळा अर्क उतरतो. तो तसाच दिला की एस्प्रेसो, गरम पाणी घातलं की अमेरिकानो, भरपूर दूध आणि वर पातळ फेस म्हणजे लाटे, दूध कमी आणि फेस जाड म्हणजे कॅपुचिनो. दुधाच्या कॉफीची सवय असेल तर लाटेपासून सुरुवात करा. आमच्याकडे ती १४० रुपयांना मिळते. साखर वेगळी ठेवतात. आधी दोन घोट तसेच घ्या, मग हवी तेवढी घाला. वाफेवर तापवलेल्या दुधाला स्वतःची गोडी असते. मला घरच्यापेक्षा निम्मीच साखर पुरली.

एका गोष्टीची तयारी ठेवा, कॉफी आपल्या मानाने कोमट वाटेल. आपण दूध उतू जाईपर्यंत तापवणारी माणसं. मी पहिल्याच घोटाला कप परत नेला आणि म्हटलं, जरा उकळी काढून दे. तो मुलगा वैतागला नाही, उलट पुढच्या गिऱ्हाइकाचं दूध तापवताना त्याने मला काउंटरजवळ उभं केलं. स्टीलचं छोटं भांडं, त्यात बुडवलेली वाफेची नळी, बाहेरून भांड्याला लावलेला त्याचा तळहात. आधी फसफस मोठा आवाज, मग नळी खोल गेल्यावर दूध भोवऱ्यासारखं फिरायला लागलं आणि आवाज खाली आला. हाताला चटका बसायला लागला तशी त्याने वाफ बंद केली. तेव्हा दूध ६०-६५ अंशांवर असतं. सत्तरच्या वर गेलं की ती गोडी जाते, उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेसही टिकत नाही. एकदा तापवलेलं दूध पुन्हा वाफेवर धरलं तर तसा मऊ फेस धरत नाही, म्हणून जास्त गरम हवी असेल तर मागवतानाच सांगा.

काउंटरवर बियांच्या बरण्या असतील तर कुठल्या आहेत ते विचारा. आमच्याकडे एकीवर 'मॉन्सून्ड मलबार' लिहिलं होतं आणि तिची गोष्ट ऐकून मी अक्षरशः हरखले. शिडाच्या जहाजांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी युरोपात पोचायची. दमट हवेने बिया फुगायच्या, फिकट पडायच्या, त्यांचा आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. पुढे प्रवास लवकर व्हायला लागला आणि ती चव गेली, तेव्हा मंगळूरकडच्या गोदामांत जून ते सप्टेंबर बिया पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारं द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे ज्या हवेने मिठाला पाणी सुटतं आणि पापड सादळतात, तीच हवा तिथे कामाला लावलीय. आंबट कॉफी सोसत नसेल तर ही मागा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. कॉफीचं नाव कुणीही सांगेल, संकोच आहे तो एकटीने बसण्याचा. जरा आठवून बघा, आपल्या गावात बाईला एकटं बसायला जागा आहे कुठे? देवळात बसलं तर ओळखीचं कुणीतरी विचारतंच, "काय गो, घरी सगळं बरं मां?" किनाऱ्यावर बसलं तर लोकांना आणखी काळजी. एसटी स्टँडवर बसायचं तर गाडीची वाट बघत असायला हवं. टपरीवर चहा उभ्याने प्यायचा आणि निघायचं. घरात तर आपण बसलो की कुणाला तरी काहीतरी हवंच असतं. त्या दुपारी बाहेर पाऊस धो-धो कोसळत होता, छत्री दाराशी निथळत होती आणि मी खिडकीजवळ पाऊण तास बसले. कुणी उठ म्हटलं नाही, कुणाची वाट बघताय म्हणून विचारलं नाही. कप रिकामा झाल्यावर मुलाने न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला. लग्नाला तीस वर्षं झाली, या गावात मी अशी पहिल्यांदा बसले होते. हे लिहितानाही डोळ्यांत पाणी येतंय. १४० रुपये जास्त वाटतील, मलाही वाटले, पण मी ते त्या खुर्चीचे धरते आणि महिन्यातून दोनदा जाते.

नंतर एकदा सासूबाईंना घेऊन गेले. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "जायफळ नाही घातलंन." काउंटरवरच्या मुलाने कॉफीत जायफळ कधी घातलंच नव्हतं. पुढच्या खेपेला मी आमच्या आगरातलं एक जायफळ नेलं, नारळींच्या सावलीत आमची दोन झाडं आहेत. त्याने बारीक किसणीने फेसावर थोडंसं भुरभुरवलं आणि वास सगळ्या दुकानभर झाला. तुमच्याकडे जायफळ असेल तर पर्समध्ये टाकून न्या आणि विचारून बघा.

बाकी किरकोळ. पैसे बहुतेक ठिकाणी आधीच घेतात. संध्याकाळी सहानंतर मी घेत नाही, रात्री झोप लागत नाही. आणि पावसाळ्यात निघण्याआधी लाईट आहे का बघा, कारण मशीन आणि दळण दोन्ही विजेवर चालतं. लाईट नसेल आणि त्यांच्याकडे पितळेचा साधा फिल्टर असेल तर आधी उतरवून ठेवलेल्या डिकॉक्शनची, म्हणजे फिल्टरमधून गळलेल्या दाट अर्काची कॉफी मिळू शकते. तीही मागून बघा, आपल्या तोंडाला ती लाटेपेक्षा लवकर रुचते.