क्लाउड सॉफ्टवेअरच्या धंद्यातले धोके : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : वाळूज एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांना आम्ही क्लाउडवरचं (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरचं) ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर देतो. ग्राहक १९ आहेत, पण निम्मी वसुली एकाच कंपनीकडून होते. ती तीन-तीन महिने बिल थकवते आणि आता नव्या सुविधा फुकट मागते. नाही म्हणायची हिंमत होत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आधी एक हिशेब मांडा. त्या कंपनीचं बिल शून्य धरा आणि उरलेल्या १८ जणांच्या वसुलीत पगार, सर्व्हरचं बिल आणि कर भागतात का ते पाहा. भागत नसतील तर बँकेतली शिल्लक किती महिने पुरेल तेही काढा. सहा महिन्यांच्या खाली येत असेल तर नव्या सुविधांचं काम थांबवा आणि माणूस विक्रीला लावा. वाळूजमधल्या बऱ्याच लहान कारखान्यांचं पोट मोजक्या वाहन कंपन्यांच्या ऑर्डरवर आहे. वरची ऑर्डर घटली की तुमचे सगळे ग्राहक एकदमच हात आखडता घेतील. म्हणून विसावा ग्राहक सुटे भाग बनवणारा नको. औषधं, खाद्यप्रक्रिया, जालन्याच्या बियाणे कंपन्या, तिकडे वळा.

थकलेलं बिल दोनदा मारतं. एक लाखाच्या बिलावरचे १८,००० रुपये जीएसटी बिल फाडलं की भरावेच लागतात, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर याच आठवड्यात करा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पहिल्याच पत्रात व्याज मागू नका. बिलावर नोंदणी क्रमांक आणि देय तारीख छापा, बऱ्याचदा तेवढं पुरतं.

फुकट सुविधेला एकच अट घाला : ती सगळ्या ग्राहकांना देता येत असेल तरच करू. एकासाठी कोडची वेगळी शाखा (सॉफ्टवेअरची वेगळी आवृत्ती) काढली की पुढची प्रत्येक सुधारणा दोन ठिकाणी करा, दोन ठिकाणी तपासा, हे कायमचं मागे लागतं.

प्रश्न : लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी आमचं हजेरी आणि फीचं सॉफ्टवेअर आहे. सगळं क्लाउडवर असताना वेगळा बॅकअप कशाला? भागीदार म्हणतो, उगाच खर्च. (लातूर)

उत्तर : खर्च करा. क्लाउड कंपनी तुम्हाला डिस्क बिघडण्यापासून वाचवते, चुकीच्या आज्ञेपासून नाही. एखाद्याने नेमक्या कोणत्या नोंदी ही अट न घालता त्या पुसल्या की सोबत चालणाऱ्या प्रतींमधूनही त्या क्षणात पुसल्या जातात. काही सेवांत तर डेटाबेसच काढून टाकला की रोजचे आपोआप होणारे बॅकअपही त्याच्याबरोबर जातात, ते राखून ठेवायचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्सात स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांतल्या अनेकांची माहिती कायमची गेली. २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्याचा ताबा एका हल्लेखोराने घेतला आणि सर्व्हर व बॅकअप दोन्ही पुसले. कंपनी बंद पडली. सगळ्या किल्ल्या एकाच खुंटीला होत्या.

तुम्ही असं करा. रोज रात्री डेटाबेसची पूर्ण प्रत आणि दिवसभर दर पाच मिनिटांना बदलांचा लॉग (नोंद) घ्या. सर्व्हर मुंबईला असेल तर प्रत हैदराबादला पाठवा, तीही वेगळ्या खात्यात, ज्याचा पासवर्ड रोज कोड लिहिणाऱ्यांकडे नसेल. त्या प्रतीवर ३५ दिवसांचं न पुसण्याचं कुलूप लावा. मुख्य खात्यात शिरताना पासवर्डनंतर मोबाइलवरचा दुसरा टप्पा हवाच आणि ते खातं कंपनीच्या ई-मेलवर हवं, उद्या नोकरी सोडून जाईल अशा माणसाच्या खासगी मेलवर नको.

बॅकअप फसतो तो बहुतेक वेळा परत उभा करताना. डिस्क भरल्यामुळे फाइल अर्धीच झालेली असते आणि चूक झाल्याचं कळवणारा मेल कुणी वाचलेला नसतो. फाइलला लावलेल्या सांकेतिक कुलपाची (एन्क्रिप्शनची) किल्ली फक्त बंद पडलेल्या सर्व्हरवरच असते. डेटाबेस नव्या आवृत्तीचा, परत चढवायचं साधन जुनं. मुलांचे फोटो आणि दाखले तर डेटाबेसच्या बाहेर फाइल साठ्यात असतात, ते प्रतीत आलेलेच नसतात. म्हणून दर तीन महिन्यांनी कोऱ्या सर्व्हरवर सगळं उभं करा, विद्यार्थ्यांची संख्या आणि शेवटच्या दिवसाच्या पावत्यांची बेरीज जुळवा, लागलेला वेळ लिहून ठेवा. पाच तास लागत असतील तर करारात सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं लिहू नका. ३० दिवसांच्या महिन्यात त्याला फक्त ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा मिळते, आणि जूनमधल्या प्रवेशाच्या गर्दीत ती एका अपडेटमध्येच संपते.

प्रश्न : मोंढ्यातल्या आडत दुकानांना महिना ६०० रुपयांवर सॉफ्टवेअर देतो. महिन्याला १०० पैकी तीनच जण सोडतात. हे ठीक आहे ना? (परभणी)

उत्तर : ठीक नाही. महिन्याला तीन टक्के गळती बारा महिन्यांनी १०० पैकी ६९ ग्राहक ठेवते. जवळपास तिसरा हिस्सा दरवर्षी नव्याने मिळवावा लागेल, आणि प्रत्येकाकडे जाण्या-शिकवण्याचा खर्च महिन्याच्या ६०० रुपयांतून लवकर निघत नाही. मोंढ्यात महिनेवारी मुळातच जुळत नाही. सोयाबीन-कापसाच्या आवकेत दुकानदाराकडे पैसा खेळतो, उन्हाळ्यात तो पहिला खर्च तुमचाच कापतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वर्षाची वर्गणी घ्या, हवी तर दोन महिने सवलतीत द्या. आगाऊ आलेली रक्कम मात्र लगेच कमाई धरू नका : बाराव्या हिश्शाने दरमहा मोजा. सेवेच्या आगाऊ रकमेवर जीएसटी पैसे आले त्याच महिन्यात लागू होतो, तो बाजूला काढा. पाऊस दगा देतो त्या वर्षी आवकच घटते, त्यासाठी तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात असू द्या.

प्रश्न : सर्व्हरवर कुणीतरी बाहेरचं शिरल्याचा संशय आला तर आधी काय करायचं? (नांदेड)

उत्तर : सर्व्हर पुसून नवा लावू नका, पुरावा जातो. त्याचं नेटवर्क तोडा, डिस्कची प्रत घ्या, मग सगळे पासवर्ड आणि चाव्या बदला. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते आणि लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. अनेक सर्व्हरवर मुळातली (डीफॉल्ट) सेटिंग काही आठवड्यांतच लॉग पुसते, ती सेटिंग आजच पाहा. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. कळवायचा मजकूर आणि ग्राहकांचे फोन नंबर छापून कार्यालयात ठेवा, कारण त्या दिवशी तुमचा मेल चालेलच असं नाही.